विल्डर काइझर: सह्याद्रीतून आलेल्या दोघांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं नोकरीनिमित्त म्युनिकला येऊन वर्ष झालं. त्याआधी दहा-बारा वर्षं सह्याद्रीत भटकलात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, दोर लावून लिंगाणा. आता जुलैत तीन दिवस मोकळे आहेत आणि ऑस्ट्रियातल्या विल्डर काइझरला जायचंय. एल्माउअर हाल्ट हे तिथलं सर्वांत उंच शिखर गाइडशिवाय जमेल का, आणि त्याच खेपेत एखादी कड्यावरची चढाईही करावी का?

शिखर करा. पण तिसऱ्या दिवशी, दक्षिणेच्या बाजूने आणि पहाटे निघून. चढाई या खेपेला नको. असं का, ते सविस्तर लिहितो. मीही सह्याद्रीतच शिकलो, आणि गेली सतरा वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. आपल्याकडून येणाऱ्या तयारीच्या, दमदार ट्रेकर्सची इथे कुठे फसगत होते, ते मी अनेकदा जवळून पाहिलंय. पाय कमी पडतात म्हणून कुणी अडचणीत येत नाही. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर अंगात भिनलेल्या सवयी इथल्या चुनखडीवर आंधळेपणाने वापरल्या जातात, तिथे गणित बिघडतं.

आधी डोंगर डोळ्यांसमोर आणू. काइझर डोंगररांग तशी लहानशी. टिरोल प्रांतात, पश्चिमेला कुफश्टाइन आणि पूर्वेला सांक्ट योहान, यांच्यामध्ये साधारण वीस किलोमीटर लांब. हिचे दोन समांतर कणे आहेत. उत्तरेचा त्सामर काइझर, म्हणजे माणसाळलेला, आणि दक्षिणेचा विल्डर काइझर, म्हणजे रानवट. दोन्हींना जोडणारी खिंड म्हणजे श्ट्रिप्सेनयोख, १५७७ मीटर. खिंडीच्या पश्चिमेला काइझरटाल ही दरी उतरते, पूर्वेला काइझरबाखटाल. एल्माउअर हाल्टची उंची २३४४ मीटर. आल्प्सच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण एल्माउ गावातून मान वर केली की हिरव्या कुरणांच्या मागे सरळ करड्या कातळाची करवत उभी दिसते. दोन्हींच्या मध्ये संक्रमण असं काही नाहीच.

एक तुलना तुम्हाला लगेच उमगेल. तुम्ही जिथे मुक्काम कराल ती ग्रुटेनह्युटे (ह्युटे म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) १६२० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा फक्त २६ मीटर खाली. महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक जिथे संपतं, तिथे इथली खरी चढण सुरू होते.

आता दगड. सगळं उत्तर या दगडात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आपला सह्याद्री लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि बहुतेक ठिकाणी ते आडवेच राहिले. म्हणून आपल्याकडे कडा, मग पदर, मग पुन्हा कडा अशी पायऱ्यांची रचना असते. वाट चुकली तरी पदरावरून आडवं चालत गेलं की पुढची नाळ सापडते, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, पण पायांना ठाऊक असतं. शिवाय अखंड बेसॉल्ट पाणी धरून ठेवतो. गडागडांवर कातळात खोदलेली टाकी हजार-दीड हजार वर्षं पाणी देतायत ती त्यामुळेच.

विल्डर काइझरचा दगड म्हणजे वेटरश्टाइन चुनखडी. चोवीस कोटी वर्षांच्या आसपासची, उथळ उबदार समुद्रातल्या प्रवाळांच्या आणि खाजणांच्या गाळाची. तिची जाडी जागोजागी हजार मीटरच्या घरात जाते. पुढे आल्प्स उचलले गेले तेव्हा हे थर द्रोणासारखे वाकले, आणि दोन्ही काइझर म्हणजे त्या द्रोणाच्या दोन उभ्या कडा आहेत. याचा तुमच्या पायाशी संबंध असा, की इथले थर कलते आहेत. एखादी छान रुंद फळी दिसते, पदरासारखी भासते, तुम्ही तिच्यावरून निघता, आणि पन्नास पावलांवर ती तिरकी होत होत हवेत विरते. पुढे दुसरी नाळ नसते. परत फिरावं तर आल्या वाटेवर सुटी खडी. त्यामुळे इथला पहिला नियम: रंगाची खूण दिसेनाशी झाली की शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचं. ‘जरा पुढे बघू’ हे सह्याद्रीत चालून जातं, इथे नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. चुनखडी पाणी पिते. पाऊस पडला की तो भेगांतून आत जातो आणि खूप खाली, पायथ्याला झरा होऊन निघतो. वरच्या भागात टाकं नाही, झिरपा नाही, ओढा नाही. नकाशावर निळी रेघ असली तरी उन्हाळ्यात ती कोरडी असू शकते. पाणी ह्युटेवरूनच भरून घ्या, माणशी किमान दोन लिटर. आणि ह्युटेवर शॉवर नसेल किंवा पिण्याच्या पाण्याला पैसे लागत असतील तर कुरकुर करू नका. त्या उंचीवर चुनखडीच्या डोंगरात पाणी मिळवणं हेच मोठं काम असतं.

तिसरी गोष्ट घर्षणाची, आणि ही सगळ्यात फसवी. कोरड्या, कमी वावराच्या जागी ही चुनखडी इतकी खरखरीत असते की बोटांची सालं निघतात. पावसाच्या पाण्याने विरघळून झालेल्या पन्हळी आणि भोकं यांत हात काय छान बसतो! पण लोकप्रिय वाटांवर शंभर-सव्वाशे वर्षांच्या बुटांनी तोच दगड घासून काचेसारखा केलाय. जर्मन गिर्यारोहक याला ‘श्पेकिग’ म्हणतात, चरबी माखल्यासारखा. आपल्याकडे बेसॉल्ट पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो आणि उन्हाळ्यात पुन्हा पकड देतो. इथला गुळगुळीत झालेला दगड भर उन्हातही निसरडाच, आणि चार थेंब पडले की त्यावर उभं राहणं अवघड. वाट जितकी प्रसिद्ध, तितका पायाखालचा दगड वाईट. नवख्याला याच्या उलट वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

रंग वाचायला शिका. करडा दगड बहुधा घट्ट. पिवळसर दगड म्हणजे तिथून अलीकडे तुकडा निखळलाय, तो भाग बहुतेक वेळा ठिसूळ आणि पुढे झुकलेला. काळे पट्टे म्हणजे पाण्याची वाट. पावसानंतर ते दिवसभर ओले राहतात. दूरवरून कडा पाहताना एवढं जरी ओळखलंत तरी निम्मं काम झालं.

आता तुमचे तीन दिवस.

पहिल्या दिवशी सकाळी म्युनिकहून कुफश्टाइनला या, लोकल गाडीने साधारण सव्वा तास. तिथून बसने एल्माउ. गावापासून वोखेनब्रुनर आल्म, म्हणजे डोंगरातलं उन्हाळी कुरण, आणि तिथून ग्रुटेनह्युटे. गावातूनच चालत निघालात तर अडीच-तीन तास, आल्मपर्यंत वाहनाने आलात तर दीड. मी म्हणेन चाला. कुरणं, मग जंगल, मग लाट्शेन, म्हणजे जमिनीसरपट वाढणारी बुटकी पाइन, आणि मग कातळ, असे पट्टे एकामागून एक ओलांडत गेलं की डोंगराची उंची अंगाला समजते. लाट्शेनमध्ये आडवाटेने घुसण्याचा मोह टाळा. कारवीच्या रानात घुसल्यावर काय होतं ते आठवा, आणि इथल्या फांद्या कारवीपेक्षा कितीतरी चिवट असतात.

दुसरा दिवस परीक्षेचा. ग्रुटेनह्युटेवरून पूर्वेला यूबिलेउम्सश्टाइग नावाची वाट निघते. शिड्या, लोखंडी तारा, कातळातल्या अरुंद बोळी, सुळक्यांच्या मधून वर-खाली. लांबी फार नाही, पण दृष्टिभय पुरेसं आहे. ती संपली की क्युबेलकार नावाच्या खोलगट पसरट भागातून घसाऱ्यावरून एल्माउअर टोर गाठायचं. टोर म्हणजे दरवाजा. जेमतेम २००० मीटरवरची ही खिंड खरोखरच रांगेला पाडलेलं भगदाड आहे. पलीकडे उत्तरेला डोकावलं की श्टाइनेर्ने रिने दिसते. शब्दशः दगडी पन्हळ. आपण तिला नाळच म्हटलं असतं. डावीकडे फ्लाइशबांक या शिखराचा पूर्वकडा, उजवीकडे प्रेडिग्टश्टूल, आणि मध्ये पांढुरकं, उघडंबोडकं कातळपात्र सरळ खाली उतरत गेलेलं. सांधण दरीत उभं राहून वर पाहताना जी छाती दडपते, तीच इथे वरून खाली पाहताना.

टोरपासून हिंटेरे गोइंगर हाल्ट, २१९२ मीटर, हे शिखर थोडी हातांची मदत घेत करता येतं. ते करा. आणि उतरताना स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: यूबिलेउम्सश्टाइगवर तारेला हात घट्ट आवळून धरला होता का? घसाऱ्यावर पाय थरथरले का? सकाळी सात ते दुपारी दोन एवढ्यात परत येता आलं का? या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर तिसऱ्या दिवशी हाल्टला निघा. नसतील तर त्या दिवशी गाउडेआमुसह्युटेकडून सावकाश खाली या. तोही सुंदर दिवस असतो.

घसाऱ्यावर एक सांगायचंय. आपल्याकडे दगड सुटला की आपण ‘दगड!’ म्हणून ओरडतो. इथे ‘श्टाइन!’ ओरडायचं, कारण खालचा माणूस मराठी नाही. आणि तसा आवाज आला की वर बघायचं नाही. भिंतीला चिकटून सॅक डोक्यामागे सरकवायची. क्युबेलकारमध्ये माझ्या शेजारून टरबुजाएवढा दगड गेला होता, वरच्या वळणावर कुणीतरी घाईत वाट कापली म्हणून. हेल्मेट त्या दिवसापासून मी चालण्याच्या वाटेवरही घालतो. गॅम्स, म्हणजे इथल्या रानशेळ्यांसारख्या प्राण्यांच्या कळपांनीही दगड सुटतात, आणि त्या तर ओरडून सांगत नाहीत.

तिसरा दिवस, एल्माउअर हाल्ट. दक्षिणेकडची वाट गाम्सेंगरश्टाइग. ग्रुटेनह्युटेपासून सव्वासातशे मीटर चढण, तीन तासांच्या आसपास. लोखंडी तारा, कातळात ठोकलेल्या पायऱ्या, मधले काही भाग मोकळे जिथे आधार नाही पण पडायचंही नाही. या तारबद्ध वाटांना मोजण्याची पद्धत ए (सोपी) ते ई (फार कठीण) अशी आहे. ही त्यात बी-सीच्या आसपास. लिंगाणा केलेल्यांना तांत्रिकदृष्ट्या ती जड नाही. माथ्याच्या जरा खाली बाबेनश्टुबर नावाची चिमुकली निवाऱ्याची खोपटी आहे, आणि वर क्रॉस. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला मुख्य आल्प्सची बर्फाळ रांग सलग दिसते.

ही वाट मी मुद्दाम सुचवतोय, कारण ती दक्षिणमुखी आहे. जुलैच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या घळींमध्ये जुना बर्फ असतो. पाहुण्यांना तो गंमत वाटतो. सकाळी मात्र तो दगडासारखा कडक असतो; त्यावर ट्रेकिंगचे बूट टिकत नाहीत, एकदा घसरलं की थांबायला काही नाही. दुपारी तो मऊ होतो तेव्हा त्याच्या आणि कातळाच्या मधली फट झाकलेली असते, आणि पाय नेमका तिथेच जातो. म्हणून श्ट्रिप्सेनयोखकडून एगरश्टाइगने श्टाइनेर्ने रिने चढून येणारी ती प्रसिद्ध वाट तुम्ही ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरसाठी राखून ठेवा. निघण्याआधी ह्युटेवर फोन करून बर्फ आणि वाटेची स्थिती विचारायची पद्धत इथे रूढ आहे. कुणी नवखं समजेल म्हणून लाजू नका. जुनी माणसंही विचारतात.

तारांवर अडकवायच्या साधनाबद्दल मी कधीच तडजोड करत नाही. आपल्याकडे साखळ्या-तारांच्या जागी बरेचजण हार्नेसला एक स्लिंग (पट्ट्याचं वेटोळं) आणि कॅराबिनर (झडपेची कडी) लावून भागवतात. इथे ते करू नका. चढाईत बिलेवरचा, म्हणजे साथीदाराने धरलेला, दोर ताणतो, धक्का पितो, आणि पडण्याची लांबी भागिले दोराची लांबी हा आकडा दोनच्या पुढे जात नाही. तारेवर तसं नसतं. दोन खुंट्यांच्या मध्ये तार तीन मीटर उभी असेल तर तुम्ही खालच्या खुंटीपर्यंत घसरत पडता, आणि धक्का येतो तो साठ सेंटिमीटरच्या न ताणणाऱ्या स्लिंगवर. आकडा पाचच्या घरात जातो. स्लिंग तुटते, नाहीतर कंबर. यासाठी धक्का शोषणारा खास तारबद्ध वाटांचा संच मिळतो, त्यातला शिवलेला पट्टा पडताना उसवत जातो आणि जोर खातो. कुफश्टाइन किंवा एल्माउला भाड्याने मिळेल. दोन कॅराबिनर, खुंटी आली की एक काढून पुढे लावायचा, मगच दुसरा. एकदा त्यावर पडलात तर तो संच बाद, पुन्हा वापरायचा नाही. आणि दोन खुंट्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस.

आता वेळ आणि वीज. सह्याद्रीत आपण उन्हाला घाबरतो, म्हणून लवकर निघतो. पण उशीर झालाच तर सावलीत बसून संध्याकाळी उतरतो. काइझरमध्ये जुलै-ऑगस्टच्या दुपारी वादळ येतं. सकाळी आठला निळंभोर आभाळ, अकराला कापसाचे पुंजके, एक वाजता ते फुलकोबीसारखे वर चढू लागतात, आणि तीनला गडगडाट. हे रोज होत नाही, पण बऱ्याच दिवशी होतं, आणि हाल्टचा माथा, लोखंडी क्रॉस आणि शेकडो मीटर लोखंडी तार ही विजेला आवडणारीच जागा.

इथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी आणि माझा पुण्याचा मित्र दहा वाजता ग्रुटेनह्युटेवरून निघालो. अंगात दम भरपूर, वाटेत सगळ्यांना मागे टाकत गेलो आणि साडेबाराला माथ्यावर होतो. वेगामुळे उशीर भरून निघाला असं वाटलं. उतरायला लागलो तेव्हा पश्चिमेकडून काळं आभाळ आलं, आणि तारेवर हात ठेवला तर ती बारीक गुणगुणत होती. मित्राच्या हातावरचे केस उभे राहिले होते. आम्ही तार सोडली, धातूचं सगळं सामान काढून दूर ठेवलं, तारेपासून बाजूच्या उतारावर दोर असलेल्या सॅकवर पाय जुळवून उकिडवे बसलो. मित्र माझ्यापासून दहा हातांवर, कारण दोघांनी एकत्र बसायचं नसतं. पाऊण तास गारा आणि कडकडाट. मग भिजलेल्या, श्पेकिग दगडावरून उतरायला चार तास लागले. मित्राची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, आणि ह्युटेवर पोचल्यावर तो बराच वेळ काहीही न बोलता बसून राहिला. तेव्हापासूनचा माझा नियम: सहाला बाहेर, दहापर्यंत माथा, एक वाजता ह्युटे. दहाला माथ्यावर नसू तर जिथे असू तिथून मागे. तुमच्यासाठीही तोच ठेवा, आणि आदल्या रात्रीच दोघांनी तो एकमेकांना मोठ्याने सांगा. माथा समोर दिसत असताना वाद घालणं फार कठीण जातं.

मदतीचा क्रमांक ऑस्ट्रियात डोंगरासाठी १४०, युरोपभर ११२. फोन चालत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. हेलिकॉप्टरने उतरवलं तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं, आणि ते मोठं असतं. म्हणून जर्मन किंवा ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबचं वार्षिक सदस्यत्व घ्या. त्यात बचावकार्याचा विमा येतो आणि ह्युटेवरचा मुक्कामही स्वस्त पडतो.

ह्युटेबद्दल थोडं. ग्रुटेनह्युटे म्युनिकच्याच एका गिर्यारोहण शाखेची आहे. जुलैत आधी जागा राखल्याशिवाय जाऊ नका. बूट दाराशी काढायचे, आत झोपायला स्वतःची पातळ झोपपिशवी आणायची, रात्री दहाला दिवे बंद. रोख पैसे ठेवा. शाकाहारी असाल तर एक विचारून घ्या: कासप्रेसक्न्योडेल, म्हणजे चीजचे तळलेले चपटे गोळे, हे बहुतेक वेळा मांसाच्या रश्श्यात तरंगत येतात. ‘रश्शाशिवाय, कोशिंबिरीबरोबर’ असं सांगितलं तर तसेही मिळतात. काइझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेला जाड गोड पॅनकेक, यात अंडं असतंच. सॅकमध्ये चिवडा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवा; तीन तासांच्या चढणीला त्यासारखं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

आता चढाई. तुम्हाला ‘या खेपेला नको’ म्हटलं, पण ती इच्छा मला समजते. कारण ही लहानशी रांग म्हणजे कातळचढाईच्या कलेची एक मोठी शाळा आहे. एल्माउअर हाल्टवरची पहिली नोंदलेली चढाई १८६९ची, कार्ल होफमान आणि गाइड योहान श्लेख्टर यांची. टोटेनकिर्ख्ल, म्हणजे मृतांचं छोटं चर्च, हा सुळका १८८१मध्ये गोटफ्रीड मेर्त्सबाखर आणि गाइड मिखाएल सोयर यांनी सर केला. त्यानंतरच्या तीस वर्षांत म्युनिकहून सुटीला येणाऱ्या तरुणांनी इथे जे केलं, त्यावर आपण आजही जगतो. टिरोलचा गाइड हान्स फिख्टल याने डोळा असलेला अखंड घडीव पिटॉन, म्हणजे कातळाच्या भेगेत ठोकायचा खिळा, आणला. म्युनिकच्या ओटो हेर्त्सोगने अग्निशमनवाल्यांकडचा कॅराबिनर १९१०च्या सुमारास कातळावर आणला. आणि हान्स ड्युल्फर या विद्यार्थ्याने दोन्ही वापरून, दोराला लोंबकळत आडवं सरकण्याचं तंत्र जोडून, १९१२मध्ये वेर्नर शारश्मिटबरोबर फ्लाइशबांकचा पूर्वकडा चढला. तोच कडा, जो तुम्ही एल्माउअर टोरवरून डावीकडे बघाल. फ्लाइशबांक म्हणजे खाटकाचा ओटा. तो कडा पाहिल्यावर नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. दोर अंगाभोवती गुंडाळून उतरण्याची जुनी पद्धत आजही ‘ड्युल्फर’ याच नावाने ओळखली जाते, आणि फ्रेंच-इटालियन लोक तर भेगेची कड ओढून, पाय समोरच्या भिंतीवर रेटून चढण्यालाही ड्युल्फरच म्हणतात. १९१५मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्या कड्याखालून जाताना मी दर वेळी क्षणभर थांबतो. लिंगाण्यावर तुम्ही जो कॅराबिनर खट् करून लावलात, त्याची वंशावळ इथवर येते.

आणखी एक. चढाईचे दर्जे एके काळी सहाव्यावर संपत. सहावा म्हणजे माणसाची सीमा, अशी व्याख्याच होती. १९७७मध्ये राइनहार्ड कार्ल आणि हेल्मुट कीने यांनी फ्लाइशबांकच्याच खांबावर पुम्परिसे नावाची भेगांची वाट मोकळ्या हातांनी चढून तिला सातवा दर्जा दिला, आणि ते मोजमाप वरच्या बाजूने उघडलं. रांगेच्या पूर्व टोकाला श्लायरवासरफाल या धबधब्यामागच्या कपारीत १९९६मध्ये आलेक्सांडर हुबरने ‘ओपन एअर’ ही वाट केली, ती तर जगातल्या सर्वांत कठीण वाटांमध्ये मोजली गेली. चालायला म्हणून त्या धबधब्यापर्यंत जरूर जा.

मग नको का म्हणतो? चढण तुम्हाला कदाचित जमेल. अडचण उतरण्याची आहे. आपल्याकडे सुळका सर झाला की माथ्यावर बोल्ट, त्यात दोर, रॅपल करून खाली. काइझरच्या शिखरांवरून उतरणं म्हणजे वेगळी मोहीम असते: थोडं रॅपल, मग दोराविना कातळ उतरणं, मग तिरकी फळी, मग योग्य घळ ओळखणं, कारण शेजारची घळ दोनशे मीटरवर कड्यात संपते. टोटेनकिर्ख्लचा सर्वांत सोपा मार्गसुद्धा तिसऱ्या दर्जाचा, आणि चढलात तेवढंच सगळं उतरायचं असतं. संध्याकाळी धुकं आलं की रात्र वरच काढावी लागते. जुन्या वाटांवर गंजके पिटॉन आहेत, त्यांतले काही हाताने हलतात. चुनखडीच्या भेगेत नट, म्हणजे धातूची पाचर, बसवून स्वतःचा आधार तयार करता आला पाहिजे. बेसॉल्टच्या सरळ, समांतर भेगांवर शिकलेल्या हाताला इथल्या वेड्यावाकड्या, मध्येच मिटणाऱ्या भेगा वाचायला एक पूर्ण हंगाम लागतो. मला दोन लागले.

म्हणून क्रम असा ठेवा. या उन्हाळ्यात चाला. हिवाळ्यात म्युनिकच्या क्लाइंबिंग हॉलमध्ये नियमित जा. पुढच्या वसंतात कुफश्टाइनच्या आसपासच्या बोल्ट लावलेल्या लहान कड्यांवर चुनखडीची ओळख करून घ्या. आणि मग एक दिवस गाइड घेऊन श्ट्रिप्सेनयोखला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर एखादी चौथ्या दर्जाची वाट, उतरण्यासकट. गाइडचे पैसे खटकतील, पण उतरण्याची वाट एकदा डोळ्यांनी पाहिलेली असणं याला पर्याय नाही.

हवा बिघडली तर तीन दिवस वाया गेले असं समजू नका. कुफश्टाइनच्या बाजूने काइझरटालमध्ये जा. सुरुवातीलाच जवळजवळ तीनशे पायऱ्या. २००८पर्यंत या दरीत राहणाऱ्यांना मोटारीचा रस्ताच नव्हता, पायऱ्या हाच रस्ता. आता बोगदा आहे, पण तो रहिवाशांसाठी. आपण पायऱ्यांनीच जायचं. वर सपाटीला आंटोनियुस कापेले हे लहानसं चर्च कुरणात उभं आहे, आणि त्याच्या मागे ढगांतून कातळ अधूनमधून डोकावतो. पुढे दोनेक तासांवर हिंटरबेरेनबाड, म्हणजे ‘मागचं अस्वलाचं न्हाणीघर’, तिथे आंटोन कार्ग हाउस. पावसात जंगलाचा वास घेत तिथवर जाऊन गरम सूप पिऊन परत येणं, हा माझ्या आईला आवडलेला इथला एकमेव ट्रेक. ती तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती आणि वसईच्या किल्ल्यापलीकडे कधी गेली नव्हती.

हा सगळा भाग १९६३पासून संरक्षित आहे, त्यामुळे माथ्यांवर रोपवे नाहीत, वरती हॉटेलं नाहीत. वाट सोडून तंबू ठोकू नका, कचरा खाली आणा, आणि संगीत लावू नका. आपल्या गडांवर सुटीच्या दिवशी काय होतं ते तुम्ही पाहिलंय. इथे अजून सकाळी सहाला गाम्सेंगरश्टाइगच्या सुरुवातीला उभं राहिलं की फक्त पिवळ्या चोचीच्या डोंगरकावळ्यांचा आवाज येतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ह्युटेच्या व्यवस्थापकाला तुमची वाट सांगा आणि वहीत लिहा: दोघांची नावं, कुठून कुठे, किती वाजता परत. तो आभाळाकडे बघून मान हलवेल, होकारार्थी किंवा नकारार्थी. त्याचं ऐका.